वकिली सोडताना: एक्क्याऐंशी फाइली, एक सनद आणि करार विभागातली नोकरी

जून २०२४. कोर्टाची उन्हाळी सुट्टी संपत आली होती. डायरी उघडून चालू मॅटर मोजले, त्रेसष्ट भरले. मग ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावानं शोधायचा जो पर्याय आहे तिथे सनदेचा, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा, क्रमांक टाकला, तर यादी आली एक्क्याऐंशीची. अठरा प्रकरणांत माझं वकीलपत्र होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

वकिली सोडून नोकरीत जायचं मनात असेल तर बायोडेटा नंतर, आधी ही यादी. डायरीवर विसंबू नका. सिनियरच्या ऑफिसमध्ये असताना ज्या वकीलपत्रांवर ‘इथे सही कर’ म्हणून सही केली, ती सगळी अजून रेकॉर्डवर असतात. दाव्याचा निकाल लागला तरी त्याच्या अंमलबजावणीच्या अर्जाला, म्हणजे दरखास्तीला, वेगळा नंबर पडतो आणि तिथेही आपलंच नाव राहतं. शोध घेताना प्रत्येक तालुक्याचं न्यायालय संकुल वेगळं निवडावं लागतं. सनद क्रमांकाची नोंद काही ठिकाणी चुकीची असते, म्हणून आडनाव आधी, नाव आधी, लग्नाआधीचं आडनाव असं सगळं टाकून बघायचं. मिळालेलं प्रत्येक प्रकरण त्याच्या सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांकानिशी (ई-कोर्ट्सवर प्रत्येक प्रकरणाला असलेला वेगळा क्रमांक) एका तक्त्यात उतरवायचं: कोर्ट, टप्पा, पुढची तारीख, अशिलाचा फोन, आपल्याकडे असलेले मूळ कागद, घेतलेली फी, केलेलं काम. मला दोन रविवार लागले. पुढच्या दहा महिन्यांत हा तक्ता जितक्यांदा उघडला तितकी दिवाणी प्रक्रिया संहितासुद्धा उघडली नसेल.

माझी प्रॅक्टिस नऊ वर्षांची, एका जिल्हा न्यायालयात, बहुतेक दिवाणी: वाटपाचे दावे, ताबा, वसुली, आणि बिल्डर-ठेकेदारांचे पैशांचे वाद. या शेवटच्या प्रकारामुळे बांधकामाचे करार हाताखालून गेले होते, म्हणून बांधकाम कंपनीच्या करार विभागात जायचं ठरवलं. कारणांचा पाढा वाचत नाही. प्रॅक्टिस करणाऱ्यांना तो पाठ आहे.

पहिला प्रश्न सगळेच विचारतात: नोकरी धरून अधूनमधून कोर्टात उभं राहता येईल का? नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला ४९ वा नियम स्वच्छ आहे. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की आपल्या राज्याच्या बार कौन्सिलला कळवायचं, आणि नोकरी असेपर्यंत वकिली बंद. ‘कंपनीचा लॉ ऑफिसर म्हणून कंपनीच्याच केसमध्ये उभा राहीन’ ही पळवाटही राहिलेली नाही. हिमाचल प्रदेश वीज मंडळाच्या एका लॉ ऑफिसरची सनद याच कारणानं गेली आणि सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये सतीश कुमार शर्मा प्रकरणात ते कायम केलं. न कळवता दोन्ही चालवणारे दिसतात. ते व्यावसायिक गैरवर्तन ठरतं, आणि पुढे समोरच्या वकिलानं काढलं की त्रास अशिलालाही होतो.

पण प्रत्येकाला सनद बंद करावी लागतेच असं नाही. नियम ५१ प्रमाणे कायद्याच्या परीक्षांचं शिकवणं, पेपर काढणं-तपासणं, कायद्याच्या पुस्तकांचं संपादन चालतं. लॉ कॉलेजात दिवसाला तीन तासांपर्यंत शिकवायला वेगळे नियम परवानगी देतात. कुटुंबाच्या किंवा मित्राच्या धंद्यात निष्क्रिय भागीदार राहता येतं, फक्त स्वतः गल्ल्यावर बसायचं नाही. अर्धवेळ नोकरीला बार कौन्सिलची संमती घेता येते. तुमचा बेत यात बसत असेल तर पुढचं निम्मं वाचायची गरज नाही.

सिनियरना सांगायला गेले तेव्हा त्यांनी दोनच वाक्यं बोलली. “जा. पण फाइली मोकळ्या करून जा.”

फाइली मोकळ्या करणं म्हणजे नेमकं काय, हे मलाही तोवर नीट माहीत नव्हतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३ नियम ४ प्रमाणे एकदा दाखल झालेलं वकीलपत्र कोर्टाच्या परवानगीनं लेखी संपवेपर्यंत चालू राहतं. अशिलाला फोन करून ‘मी आता बघणार नाही’ म्हटल्यानं ते संपत नाही. शिवाय त्याच नियमात अपील, पुनर्विलोकन, नकलांचा अर्ज, कोर्टात भरलेल्या रकमेचा परतावा हे सगळं त्या दाव्यातलंच कामकाज मानलंय, त्यामुळे निकाली फाइलसुद्धा पूर्ण निकाली नसते. बार कौन्सिलचा नियम वेगळा: पुरेसं कारण आणि पुरेशी सूचना दिल्याशिवाय घेतलेलं काम सोडायचं नाही, आणि जे काम केलं नाही तेवढी फी परत करायची.

एक्क्याऐंशी प्रकरणं चार वाटांनी गेली. सगळ्यात सोपी चौतीस. अशिलानं दुसरा वकील नेमला, त्यानं नवं वकीलपत्र आणलं, त्यावर मी ‘ना हरकत’ लिहून सही केली. इथे एकच काळजी: नवं वकीलपत्र प्रत्यक्ष दाखल झालं का ते पुढच्या तारखेच्या रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या कामकाजाच्या नोंदीत, बघायचं. ना हरकत देऊन आपण मोकळे झालो असं वाटतं, आणि वकीलपत्र नव्या वकिलाच्या बॅगेतच पडलेलं असतं. एकवीस सिनियरच्या ऑफिसची होती, तिथे दुसऱ्या ज्युनियरचं वकीलपत्र लागलं. नऊ आपसात मिटली किंवा लोकअदालतीत संपली.

खरं काम उरलेल्या सतरांचं. त्या अशिलांना रजिस्टर्ड पोस्टानं पोचपावतीसह पत्र पाठवलं. पत्रात सीएनआर क्रमांक, कोर्ट, प्रकरण कुठल्या टप्प्यावर आहे, पुढची तारीख, त्या तारखेला काय करणं भाग आहे, आणि इतक्या दिवसांत दुसरा वकील नेमावा, कागद येऊन न्यावेत, एवढंच. मुदत मी तीस दिवसांची दिली. पंधरा कमी पडतात, गावाकडच्या अशिलाला पत्र पोचायलाच आठवडा जातो. खर्च साडेसातशेच्या आसपास. आता रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालंय, त्यामुळे स्पीड पोस्टच करायचं, पण पोहोच मागून घ्यायची.

सतरातली सहा पत्रं परत आली. ‘पत्ता सोडून गेले’, ‘मागणी केली नाही’ असे शेरे. परत आलेलं पाकीट फोडायचं नाही. ते तसंच बंद, शेऱ्यासकट, अर्जाला जोडायचं. मी पहिलं पाकीट उत्सुकतेनं फोडलं, आणि आत तेच पत्र होतं की दुसरं काही, हे सांगायला मग माझ्याकडे काही उरलं नाही. त्या प्रकरणात पुन्हा पत्र, पुन्हा तीस दिवस.

अर्ज दिल्यावर कोर्ट काय बघतं? अशिलाला कळलं का, आणि प्रकरण कुठल्या टप्प्यावर आहे. कोर्टानं वादाचे मुद्दे ठरवायच्या आधी किंवा समन्सच्या टप्प्यावर परवानगी बहुधा लगेच मिळते. उलटतपास अर्धवट असेल तर मिळत नाही, आणि मिळूही नये. माझ्या दोन प्रकरणांत साक्षीदार पिंजऱ्यात होता. एक सप्टेंबरात संपलं, दुसऱ्यासाठी जानेवारी उजाडला. म्हणून पुरावा चालू असलेली प्रकरणं यादीत सर्वांत वर ठेवा. नोकरीची तारीख तीच ठरवतात.

फीचा हिशेब हा सगळ्यात अवघड भाग, पैशापेक्षा मनानं. पाच प्रकरणांत पूर्ण फी आधी घेतली होती आणि काम निम्म्यावर होतं. एकूण अडतीस हजार रुपये परत केले, बँकेतून, पावती घेऊन. उलट बाजूला अकरा जणांकडे माझीच बाकी होती. बाकी आहे म्हणून फाइल अडवून ठेवायचा मोह होतो. तो अधिकार वकिलाला नाही, हे आर. डी. सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००० सालीच सांगितलंय. कागद देताना मात्र यादी करा: मूळ खरेदीखत, सातबारा, फेरफार, पावत्या, पानांची संख्या, आणि खाली अशिलाची सही व तारीख. वाटपाच्या दाव्यातल्या एका आजींनी सही करताना विचारलं, “वकीलबाई, मग आता आमचं कोण बघणार?” त्यांना नव्या वकिलाचं नाव, फोन आणि पुढची तारीख मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून दिली. नंतर हा कागद सगळ्याच अशिलांना देऊ लागले.

हे चालू असतानाच ऑगस्टपासून नोकरी शोधत होते. बार रूममध्ये तेव्हा सगळे १ जुलैला लागू झालेल्या तीन नव्या फौजदारी कायद्यांचे तक्ते घेऊन बसलेले, जुनं कलम कुठलं, नवं कुठलं. मी एका कोपऱ्यात एक्सेल शिकत होते. हसू नका. वकिलाला वर्ड येतं, एक्सेल येत नाही, आणि करार विभागात सगळं एक्सेलमध्ये. फिल्टर, तारखांची वजाबाकी, मुदत जवळ आली की खण लाल होणं, दोन तक्त्यांतली माहिती जुळवणं, एवढं आलं तरी पुरतं. रोज तासभर धरलं तर तीन आठवडे. त्यासोबत बांधकामाचे शब्द: बीओक्यू (कामांच्या परिमाणांची यादी), चालू बिल, रिटेन्शन (बिलातून राखून ठेवलेली रक्कम), मोबिलायझेशन आगाऊ रक्कम (काम सुरू करण्यासाठीची उचल), दोषदायित्व कालावधी (काम संपल्यावर दोष दुरुस्त करून द्यायची मुदत). सार्वजनिक बांधकाम खात्याची निविदा वाचलेली असेल तर यातलं निम्मं ओळखीचं असतं.

बायोडेटा तीनदा फाडला. पहिल्यात होतं ‘दिवाणी दावे चालवण्याचा नऊ वर्षांचा अनुभव’. एचआरला यातून काही कळत नाही. त्यांच्याकडे असलेल्या कामाच्या भाषेत ते मांडावं लागतं. दाव्याआधी तारीखवार घटनाक्रम लावतो, ते म्हणजे विलंबाच्या दाव्याचा घटनाक्रम. बोर्ड (कोर्टाची रोजच्या प्रकरणांची यादी) आणि डायरी सांभाळतो, ते मुदतींचं नियंत्रण. पक्षकाराच्या गोणीभर कागदांतून कामाचे वीस काढतो, ते करारपूर्व तपासणी. समोरच्याची कैफियत, म्हणजे लेखी म्हणणं, वाचून परिच्छेदवार उत्तर देतो, ते क्लायंटच्या, म्हणजे काम देणाऱ्याच्या, पत्राला कलमवार उत्तर. ‘मा. न्यायालयासमोर’ हे शब्द पूर्ण काढले. त्याऐवजी आकडे: किती करार वाचले, किती रकमेचे वाद हाताळले, किती तडजोडी लिहिल्या. अशिलांची नावं कुठेही नाहीत. गोपनीयता वकिली सोडल्यावरही सुटत नाही, आणि मुलाखत घेणारा हे मुद्दाम बघतो.

सप्टेंबरात पहिल्या कंपनीनं चाचणी घेतली. शेहेचाळीस पानांचा उपकंत्राटाचा करार, दोन तास, प्रश्न एकच: आम्ही काय काय सांभाळायचं? मी सहा पानी अभिप्राय लिहिला. कराराचं स्वरूप, करार कायद्याच्या कलम ७३ आणि ७४ खालची नुकसानभरपाई, दोन निवाडे, शेवटी ‘वरील बाबी विचारात घेता’. नकार आला. तिथल्या करार विभागातल्या एकांनी फोनवर कारण सांगितलं, त्यांचे उपकार आहेत: “मॅडम, बरोबर होतं सगळं. पण साइटवरचा माणूस हे वाचून सोमवारी काय करेल?”

घरी बसून तोच करार तक्त्यात उतरवला. सात रकाने: कलम, कुठली घटना घडली की, कोणी करायचं, किती दिवसांत, कोणाला, कशा पद्धतीनं, चुकलं तर काय. एक ओळ दाखवते. फिडिक या आंतरराष्ट्रीय अभियंता संघटनेच्या १९९९ च्या ‘लाल पुस्तकातलं’, म्हणजे बांधकामाच्या नमुना करारातलं, कलम २०.१. घटना: मुदतवाढ किंवा जादा रक्कम मागायचं कारण घडलं. कोणी: ठेकेदारानं. किती दिवसांत: ते कळल्यापासून, किंवा कळायला हवं होतं तेव्हापासून, २८ दिवस. कोणाला: अभियंत्याला. पद्धत: लेखी, करारात ठरलेल्या पत्त्यावर. चुकलं तर: मुदतवाढही नाही आणि पैसेही नाहीत. तपशीलवार मागणी ४२ दिवसांत. २०१७ च्या आवृत्तीत नोटिशीचे दिवस तेवढेच, तपशीलाला मात्र ८४.

इथे वकिलाचा हात खरा चालतो. साइटवरचा इंजिनिअर म्हणतो, ‘जागा चाळीस दिवस उशिरा मिळाली, सगळ्यांना माहीत आहे, मीटिंगच्या मिनिट्समध्येही आहे.’ सगळ्यांना माहीत असणं आणि नोटीस दिली असणं यातला फरक त्याला पटवायला वेळ लागतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस देऊन दोन महिने थांबल्याशिवाय सरकारवर दावा लावता येत नाही, हे ज्यानं वर्षानुवर्षं पाळलंय त्याला तो फरक शिकवावा लागत नाही. तसंच थकबाकीचं. हिशेब विभाग वर्षाअखेरीला समोरच्या कंपनीकडून बाकी मान्य असल्याचं पत्र मागवतो, त्यांना तो लेखापरीक्षणाचा सोपस्कार वाटतो. मुदत संपायच्या आत सही होऊन आलं तर मुदत कायद्याच्या कलम १८ खाली तीन वर्षं नव्यानं मोजायला लागतात. म्हणजे ते पत्र कोणाच्या सहीनं आलं आणि कुठल्या तारखेला, हे बघणारं कोणीतरी हवं. साइटवरचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश पुढे कोर्टात पुरावा म्हणून लागणार असतील तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र आणि हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारी खूण) लागेल, म्हणून फोन बदलायच्या आधी ते नीट उतरवून ठेवायचे. हे काही मोठं ज्ञान नाही. वकिलाला ते सवयीनं सुचतं, आणि नोकरी त्या सवयीसाठी मिळते.

दुसऱ्या कंपनीत नोव्हेंबरात मी विचारण्याआधीच तक्ता दिला. तीन फेऱ्या झाल्या. पगाराच्या फेरीत एक खड्डा होता, तो आधीच दाखवून ठेवते. बरेच वकील आयकर कायद्याच्या कलम ४४एडीए खाली विवरणपत्र भरतात, म्हणजे एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवली जाते. एचआर तीन वर्षांची विवरणपत्रं मागतं, त्यातला उत्पन्नाचा आकडा उचलतं आणि त्यावर वीस-तीस टक्के चढवून देऊ करतं. म्हणजे निम्म्यावर वाढ. विवरणपत्रातच एकूण जमेचा आकडाही असतो. त्याखाली रेघ मारून, सोबत २६एएस (कापलेल्या कराचा आयकर खात्याकडचा तक्ता) जोडून, सुरुवातीलाच समजावून सांगा. मी ऑफर आल्यावर सांगितलं आणि मग अर्धंच सुधारलं. शिवाय नऊ वर्षांची वकिली त्यांच्या श्रेणीत पाच वर्षं धरली गेली. वाईट वाटलं. बांधकामातली पाच वर्षं माझ्याकडे नव्हतीच, हेही खरं. वार्षिक पॅकेजमध्ये कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटी धरलेली असते. हातात येणारा मासिक आकडा लेखी मागून घ्या.

‘नोटीस पीरियड किती?’ या प्रश्नावर बहुतेक वकील ‘मला कसला नोटीस पीरियड’ म्हणून हसतात. तसं करू नका. मी तीन महिने सांगितले, कारण तक्त्यात तेव्हा अकरा प्रकरणं शिल्लक होती. ऑफर जानेवारी २०२५ मध्ये आली, रुजू व्हायची तारीख १ एप्रिल ठरली. आर्थिक वर्ष स्वच्छ तुटतं, हा फायदा पुढे कळला.

पार्श्वभूमी तपासणीत गाडी अडली. तपासणी करणाऱ्या संस्थेच्या फॉर्मवर मागच्या मालकाचं नाव, कर्मचारी क्रमांक आणि कार्यमुक्तीचं पत्र हे रकाने सक्तीचे. वकिलाला मालक नसतो. दोन आठवडे ईमेल चालले. शेवटी हे कागद चालले: सनद, प्रॅक्टिसचं प्रमाणपत्र, सिनियरचं त्यांच्या लेटरहेडवरचं पत्र ज्यात कधीपासून कधीपर्यंत सोबत काम केलं ते आहे, तीन वर्षांची विवरणपत्रं, कलम १९४जे खाली कंपनी अशिलांनी कापलेला टीडीएस दाखवणारं २६एएस, आणि दरवर्षीच्या दोन-दोन निकालपत्रांची पहिली पानं, ज्यावर वकील म्हणून नाव छापलेलं असतं. हा गठ्ठा ऑफर येण्याआधीच तयार ठेवा. सिनियरचं पत्र तर आधीच घ्या. नंतर त्यांची सुट्टी, त्यांची तारीख, त्यांचा कारकून, सगळं आड येतं.

मग सनद. दोन गोष्टींत गोंधळ होतो. सनद निलंबित करणं म्हणजे नाव वकिलांच्या पटावर राहतं, प्रॅक्टिस थांबते, नोकरी सुटली की अर्ज करून पुन्हा चालू करता येते. अधिवक्ता अधिनियमाच्या कलम २६ए खाली स्वतःच्या विनंतीनं नाव पटावरून काढून घेणं ही वेगळी गोष्ट, तिथून परत यायचं तर पुन्हा नोंदणीपासून सुरुवात. नोकरीसाठी जाणाऱ्यांनी पहिलंच करायचं. अर्जाच्या विषयात ‘निलंबन’ हाच शब्द लिहा, ‘सरेंडर’, ‘रद्द’ असलं काही नको.

महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलचं कार्यालय मुंबईत फोर्टला, उच्च न्यायालयाच्या विस्तारित इमारतीत आहे. मी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात गेले. अर्ज, प्रतिज्ञापत्र, नेमणूकपत्राची प्रत, मूळ सनद, ओळखपत्र आणि शुल्क. जायच्या आधी फोन करून सध्याचं शुल्क, ते कसं भरायचं आणि प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प लागतो का, हे तिन्ही विचारून घ्या. राज्यात ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या स्टॅम्पची जागा पाचशेच्या स्टॅम्पनं घेतलीय, उगाच घेऊन ठेवू नका. नेमणूकपत्रावर रुजू व्हायची तारीख स्पष्ट हवी. माझ्या पत्रावर ‘एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात’ असं मोघम होतं, ते कंपनीकडून बदलून आणेपर्यंत एक फेरी वाया गेली. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. मंजुरीचं पत्र येईपर्यंत तीच प्रत कंपनीला देता येते. पत्र हातात यायला काही आठवडे धरून चाला.

मूळ सनद देण्याआधी दोन्ही बाजूंची रंगीत झेरॉक्स आणि स्कॅन करून ठेवा. पाकिटात घालताना हात थोडा अडखळला, लपवत नाही. त्या कागदावरची तारीख वाढदिवसाच्या आधी आठवते.

नवीन वकिलांसाठी एक सूचना. न्यायाधीश व्हायचा विचार बाजूला ठेवला नसेल तर घाई करू नका. सर्वोच्च न्यायालयानं २० मे २०२५ च्या निकालात दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणलीय, आणि सनद निलंबित असतानाचा काळ वकिलीत धरता येणार नाही.

कर आणि कागद थोडक्यात. महाराष्ट्रात स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या वकिलाला वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर पीटीईसी (व्यवसाय कर नोंदणी) क्रमांकावर भरावा लागतो. नोकरीत तोच कर पगारातून कापला जातो: महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००. पीटीईसी रद्द करायचा अर्ज केला नाही तर तिकडे थकबाकी चढत राहते आणि तीन-चार वर्षांनी व्याजासकट नोटीस येते. रद्द करताना कारणाच्या पुराव्याला नेमणूकपत्र लावलं. शेवटच्या वर्षाचा आगाऊ कर ४४एडीए वाल्यांनी १५ मार्चपर्यंत एकरकमी भरायचा असतो, सोडायच्या धांदलीत तो विसरतो. एप्रिलनंतर जुन्या अशिलांकडून बाकी फी आली तर ती पगारात मिसळत नाही, व्यवसायाच्या उत्पन्नातच दाखवायची, आणि त्या वर्षी आयटीआर-१ हा विवरणपत्राचा सोपा फॉर्म चालत नाही. मला जुलैत एकाकडून बारा हजार आले, म्हणून विवरणपत्राचा फॉर्म बदलावा लागणार आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू, त्यामुळे तिथून पुढे वरच्या कलमांचे आकडे वेगळे. बार असोसिएशनची वर्गणी, लॉकर, ग्रंथालयाची अनामत आणि वकील कल्याण निधीचं सदस्यत्व हे चारही वेगवेगळ्या टेबलांवर मिटवायचे असतात. लेटरहेड, व्हिजिटिंग कार्ड, गाडीच्या काचेवरचा बिल्ला, लिंक्डइनवरचं ‘अ‍ॅड.’, सगळं १ एप्रिलच्या आत काढलं. सोसायटीच्या फलकावरचं नाव राहून गेलं, ते शेजाऱ्यांनी दाखवलं.

नोकरीचे पहिले तीन महिने कशाकशाची सवय मोडण्यात गेले. पहिलं, पत्राची लांबी. क्लायंटला लिहिलेलं माझं पहिलं पत्र चार पानी होतं, ‘आमच्या हक्कांना बाधा न येता’ हे त्यात तीनदा. प्रकल्प व्यवस्थापकांनी ते एका पानावर आणायला लावलं, आणि पुढची दोन वर्षं याच माणसाकडून बिलं पास करून घ्यायचीत याची आठवण करून दिली. दुसरं, तारीख. कोर्टात एखादी गोष्ट पुढच्या तारखेवर गेली तर दोन महिन्यांनी पुन्हा समोर येते. इथे बँक गॅरंटीची मुदत शुक्रवारी संपत असेल तर सोमवारी काहीच हातात नसतं. तिसरं, दोन्ही बाजूंनी बोलायची सवय. ‘एका मतानुसार’ असं म्हटलं की बैठकीतले लोक घड्याळ बघतात.

आणखी एक फरक गंभीर आहे. अशील आणि वकील यांच्यातल्या बोलण्याला जे संरक्षण होतं ते नोकरीतल्या कायदा सल्लागाराला तसं मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणून ईमेलमध्ये काय लिहायचं आणि बाहेरच्या वकिलामार्फत काय विचारायचं, हे आमच्या विभागात आता वेगळं ठेवतो.

मे २०२५ मध्ये ई-कोर्ट्सवर पुन्हा सनद क्रमांक टाकला तर दोन प्रकरणं दिसली. दोन्हीत परवानगीचा आदेश झालेला होता, संगणकावरची नोंद बदलली नव्हती. आदेशाची प्रत जोडून अर्ज दिला, जाऊन देणं जमणार नव्हतं म्हणून नव्या वकिलाकरवी. ऑगस्टमध्ये परत पाहिलं. नोंद सापडली नाही, असं आलं. त्या पानाची तारखेसकट प्रिंट काढली आणि सनदेच्या रंगीत झेरॉक्सला पाठीमागून टाचली.